उजेड पाठीवर होता

या मंडळी, पुढं सरका. मागच्या खांबाला टेकलेली मंडळी — तो खांब आपल्याशिवाय पण उभा राहील, या पुढं! आयाबायांनो, लेकरं मांडीवर घ्या. पखवाजाला जरा विसावा द्या बुवा. आता गोष्ट ऐकायची आहे.

आधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका! आपल्या माणसात काही उणं आहे — बापात म्हणा, नवऱ्यात म्हणा, लेकात म्हणा — आणि ते आपल्याला दिसलं. त्याला लाज वाटेल, त्याचं मन मोडेल, हेही कळतंय. तर मग बोलावं, की झाकावं?

हे बाबा म्हणतात, झाकावं! पटकन म्हणाले! का हो बाबा? माया असते म्हणून? बरोबर आहे. आपण सगळे मायेनंच झाकतो. पण ते झाकण जाऊन पडतं कुणाच्या अंगावर — ते ऐका.

आमच्या भागात वाघदरा म्हणून गाव आहे. हमरस्त्यावर फाटा, आणि फाट्यापासून आत गाव. रस्ता कसा? एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला शेतं, आणि मधी डांबराच्या नावाखाली जे काय उरलंय ते! त्या गावात मुरलीधर खेमनर नावाचा गृहस्थ. पिठाची गिरणी चालवायचा. उंचापुरा माणूस. भुवयांवर, मिशीवर कायम पीठ. गाव त्याला अण्णा म्हणायचं. लबाडी नाही, व्यसन नाही. एकच शौक — मोटारसायकल! जुनी गाडी, पण अशी पुसून ठेवायचा की बायको सिंधूताई म्हणायची, "अहो, माझ्याकडं कधी एवढं बघितलं नाही तुम्ही!"

हसा, हसा. पुढं हसायला फारसं नाही.

या मुरलीधरला एकुलती एक लेक, वृषाली. शिकली, तालुक्याला औषधाच्या दुकानात कामाला लागली. सकाळी एसटीनं जायची, संध्याकाळी एसटीनं फाट्यावर उतरायची. आणि फाट्यावर बाप गाडी घेऊन उभा! पाऊस असो, थंडी असो, एसटीला उशीर असो. लेक उतरली की विचारणार, "दमली का गं बाई?" ती म्हणणार, "नाही अण्णा." रोज हेच. बापलेकीला बोलायला विषय लागतो का हो?

दिवाळी सरली. दिवस लहान झाले. एसटी फाट्यावर यायची तोवर अंधारून यायला लागलं. आणि मुरलीधरची कुरकुर सुरू झाली — "गाडीची लाइटच मेली. काही दिसत नाही."

आधी काच पुसली. मग बल्ब बदलला. मग बॅटरी बदलली. तरी तेच! "पूर्वीसारखी लाइटच येत नाही आता. कंपन्याच लबाड झाल्यात." घरात बादलीला पाय लागला, तर म्हणाला, "बादली मधीच कुणी ठेवली?" दिवेलागणीला उंबऱ्याला ठेचाळला, तर म्हणाला, "व्होल्टेज नाही." जेवताना पाण्याचा तांब्या हातानं उडाला, तर सिंधूताईवर ओरडला. मंडळी, माणसाचं एक बघा. आपलं चुकतंय असं वाटायच्या आधी आपण सगळं जग बदलून बघतो! बल्ब बदलतो, बादली बदलतो, बायको बदलायची सोय नाही म्हणून तिच्यावर ओरडतो.

फाट्यावर जालिंदर लोहाराचं गॅरेज. पत्र्याची टपरी, पण पोराच्या हातात कसब. मुरलीधर त्याच्याकडं गेला. म्हणाला, "ती पांढरी लाइट असते ना, एलईडी — ती बसव. जी सगळ्यात भारी असेल ती."

जालिंदरनं पुढचं गोल डबडं उघडलं. जुना बल्ब काढला. नवा एलईडी आणला — मागच्या बाजूला एवढुसा पंखा, तापू नये म्हणून. पण जुन्या गाडीची लाइट इंजिनाच्या जोरावर चालते, गाडी हळू झाली की ती मिणमिणते. म्हणून त्यानं नवी वायर ओढून करंट बॅटरीवरून घेतला. सगळं नीट बसवलं. मग गाडी टपरीसमोरच्या भिंतीपुढं उभी केली आणि बटण दाबलं.

काय सांगू! भिंत दुधासारखी पांढरी झाली. भिंतीवरची मुंगी दिसावी! मुरलीधरचा चेहरा लहान लेकरासारखा झाला. "जालिंदर, जरा वर कर रे. लांब पडू दे."

जालिंदर म्हणाला, "नाही अण्णा. वर केली की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाते. मी खालीच ठेवतो. तुम्हाला रस्ता दिसला म्हणजे झालं ना?"

बघा, मंडळी! आताशा रस्त्यानं समोरून गाडी आली की वाटतं साक्षात देवच प्रगट झाला — हात जोडावे का ब्रेक दाबावा, कळत नाही! पण या पोरानं तसं केलं नाही. त्यानं पेचकस घेऊन लाइट खाली वाकवली आणि तशीच आवळली. हे ध्यानात ठेवा.

तेवढ्यात एसटी आली. वृषाली उतरली. बाप म्हणाला, "बघ गं, कशी सूर्यासारखी पडलीय!" आणि हौसेनं गाडीकडं वळला — तर बाजूला जुन्या टायरांची चळत होती, तिच्यावर धाडकन आपटला. टायर घरंगळले. जालिंदर हसला, मुरलीधरही हसला. "लाइटनं डोळे दिपले रे!"

वृषाली मात्र हसली नाही. कारण टायर भिंतीजवळ होते. सगळा उजेड त्यांच्यावर पडलेला होता.

गाडी निघाली. आणि मंडळी, मागं बसलेल्या लेकीला त्या संध्याकाळी सगळं कळलं. बाप समोर बघून सरळ चालवत होता, अगदी झकास. पण कडेची बैलगाडी त्याला दिसली नाही. तिनं ओरडून सांगितलं, "अण्णा, बैलगाडी!" गाडी वळली, वाचली. मुरलीधर म्हणाला, "दिसली, दिसली. ओरडतेस काय?"

दिसली नव्हती. समोर ताटाएवढं गोल दिसत होतं, आणि त्या गोलाच्या बाहेर काहीच नव्हतं. उजेड होता हो! डोळाच कडेनं मिटत चालला होता.

मग वृषालीनं काय करावं? घरी जाऊन आईला सांगावं? बापाला म्हणावं, तुम्हाला दिसत नाही? ज्या बापानं गाडीवर पुढं बसवून तिला सगळा मुलूख दाखवला, त्याला हे म्हणायचं? तिनं दुसराच मार्ग काढला. ती गाडीवर बडबड करायला लागली! "अण्णा, खडी टाकलीय बघा डावीकडं, किती दिवस झाले!" "अण्णा, पाटलांचं कुत्रं आलं बघा कडंला!" गप्पा मारल्यागत मारायच्या आणि रस्ता सांगायचा. बाप म्हणायचा, "दिसतंय की मला." त्यालाही ठाऊक, तिलाही ठाऊक. दोघंही नाटक करत होते, आणि दोघांनाही वाटत होतं समोरच्याला कळलेलं नाही.

त्याच रस्त्यानं गयाबाई दातीर रोज शेतावरून गावाकडं चालत यायची. साठी उलटलेली बाई. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. दूरवर ती दिसली की वृषाली गाडीवरून जोरात हाक मारायची — "गयाकाकूऽऽ!" हाक काकूला, पण सांगायचं बापाला, की माणूस आहे पुढं. गयाबाई भारा सांभाळत कडेला सरायची आणि विळ्याचा हात वर करायची. गाडी पुढं जायची. थंडीभर हे असं चाललं.

पण किती दिवस चालणार? वृषालीच्या दुकानाच्या वर डोळ्यांचे डॉक्टर बसायचे. तिनं त्यांना विचारलं. ते म्हणाले, "संध्याकाळचं दिसत नाही, बाजूचं दिसत नाही — त्यांना लवकर घेऊन ये. आणि गाडी चालवू देऊ नकोस."

त्या संध्याकाळी एसटीतून उतरली ती मनाशी ठरवूनच. गाडीवर बसायच्या आधी म्हणाली, "अण्णा, एक सांगू? उद्या माझ्याबरोबर तालुक्याला चला. डोळे दाखवू."

मुरलीधर म्हणाला, "कुणाचे डोळे?"

"तुमचे."

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?"

"अण्णा, तुम्हाला कडेचं दिसत नाही. मी —"

"गप्प बस!" फाट्यावरची माणसं वळून बघायला लागली. "चार बुकं शिकली म्हणून बापाला अक्कल शिकवते! माझ्या गाडीवर बसायचं तर एक शब्द बोलायचा नाही. कळलं? एक शब्द!"

आयुष्यात बाप तिच्यावर असा ओरडला नव्हता. चारचौघांत तर नाहीच. तिच्या डोळ्यात पाणी आलं. ती मागं बसली. मनात म्हणाली, बरं. नाही बोलत. बघू या तुमचं तुम्हालाच.

राग आला होता, मंडळी. लेकराचा राग. तुम्हाआम्हाला येतो तसाच. जेवण झालं की निवला असता.

गाडी कालव्याच्या कडेनं निघाली. अंधारून आलं होतं. खडीचा ढीग आला — ती बोलली नाही. गाडी घासून गेली. कुत्रं आलं — ती बोलली नाही. कुत्रंच बाजूला झालं. आणि पुढं, डाव्या कडेला, गवताचा भारा हलताना दिसला. खाली गयाबाई. पाठमोरी. पांढरा लख्ख उजेड तिच्या पाठीवर पडलेला, लुगड्याचे काठसुद्धा दिसत होते. वृषालीला दिसत होते! तिला वाटलं — एवढ्या उजेडात अण्णांना दिसेलच. दिसेल. आता दिसेल.

ओठ उघडले तिनं. हाक गळ्यापर्यंत आली.

तेवढाच उशीर झाला.

भारा उडाला. गाडी आडवी झाली. बापलेकीला खरचटलं. गयाबाई मैलाच्या दगडावर पडली. मुरलीधर चाचपडत उठला आणि विचारायला लागला, "काय होतं गं? कशाला धडकलो? जनावर होतं का?" आणि लेक त्या म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मांडी ओली होत होती.

सरकारी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गयाबाई गेली. शुद्धीवर आलीच नाही.

आता गावाचं ऐका. गाव चूक शोधायला बसलं की काय शोधतं? डोळ्याला जे पहिलं दिसतं, ते! आणि एलईडीपेक्षा डोळ्याला पहिलं दिसणारं दुसरं काय असणार? "ती पांढरी लाइटच वाईट!" "म्हातारीच्या डोळ्यावर पडली, ती गांगरली आणि गाडीखाली आली." पोलिसांनी मुरलीधरला विचारलं. मुरलीधर खाली मान घालून म्हणाला, "होय. म्हातारी काही विसरल्यागत परत फिरली होती, समोरून येत होती. लाइटनं गांगरली."

तो खोटं बोलला. दुसऱ्यावर आळ जाईल असं, जन्मात पहिल्यांदा.

गयाबाईचा लेक अंबादास. आईवेडा माणूस. तो गेला फाट्यावर आणि जालिंदरचे पाने, पेचकस सगळे उचलून कालव्यात फेकले. "तुझ्या लाइटनं माझी आई खाल्ली!" जालिंदरनं हात जोडले. कुणी ऐकलं नाही. गाड्या येईनाशा झाल्या. ज्यांच्या गाड्यांना त्यानं लाइट बसवल्या होत्या, त्यांनी आणून त्याच्या दारात टाकल्या.

जालिंदर मुरलीधरच्या घरी आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. म्हणाला, "अण्णा, तुम्ही वर कर म्हणालात, मी केली नव्हती. खाली ठेवली होती. आठवतंय ना? एवढंच लोकांना सांगा. एकदा सांगा."

मुरलीधर भिंतीकडं बघत बसला. जालिंदर वाट बघत राहिला. मग गेला. त्याच आठवड्यात टपरीला कुलूप लागलं. बायकालेकरं घेऊन सासुरवाडीला गेला म्हणे.

आतल्या खोलीत वृषाली बसली होती. तिनं सगळं ऐकलं. आणि ती पण बोलली नाही!

रागावू नका तिच्यावर. तुम्ही काय केलं असतं? बापाविरुद्ध उभं राहिला असता? सांगा! आता का खाली बघता?

गयाबाईचा दहावा. नदीकाठी गाव जमलं. प्रवचनाला मलाच बोलावलं होतं, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. पिंड ठेवले होते. कावळ्याची वाट बघणं चाललं होतं. माणसं कुजबुजत होती — त्या लोहाराला सोडायला नको होतं, त्याच्यावर केस करायला हवी होती. अंबादास म्हणाला, "करणारच आहे. आईचं झालं की तेच करणार."

बायकांच्या घोळक्यातून वृषाली उठली. सिंधूताईनं पदर धरला, तो तिनं सोडवला. मधी येऊन उभी राहिली. आवाज एवढासा. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"अंबादासदादा, जालिंदरवर केस करू नका. काकू समोरून येत नव्हत्या. पुढं चालल्या होत्या, गावाकडं. उजेड पाठीवर होता. पाठीवर पडलेला उजेड डोळ्यात कसा जाईल?"



"अण्णांना दिसत नाही. संध्याकाळचं आणि कडेचं दिसत नाही. मला ठाऊक होतं. रोज मीच रस्ता सांगायची. त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. काकू मला दिसल्या. मी हाक मारली नाही."

मुरलीधर उठून उभा राहिला. भर दुपार होती, तरी दोन्ही हात पुढं केलेले, अंधारात करतात तसे. म्हणाला, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या संध्याकाळपासून, अण्णा."

"मग आधीच बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मंडळी, तो उंचापुरा माणूस मटकन वाळूत बसला. तोंडावर हात घेतले आणि म्हणाला — "माझा बाप असाच गेला गं. पन्नाशीत आंधळा. मला केव्हाच कळलं होतं की मलाही तेच आलंय. पण डॉक्टरकडं गेलो असतो तर बोभाटा झाला असता. रक्तातच आहे म्हणाले असते. मग तुला कुणी केली असती? तुझं लग्न होईपर्यंत झाकायचं, एवढंच ठरवलं होतं. तुझ्यासाठी झाकलं, बाई."

ऐकलंत? बापानं लेकीसाठी झाकलं. लेकीनं बापासाठी झाकलं. दोघांच्या मनात माया, दुसरं काही नाही. आणि त्या दोन मायांच्या मधून एक म्हातारी गवताचा भारा घेऊन चालली होती. तिचा काय दोष होता हो?

सगळ्यांना वाटलं आता अंबादास मुरलीधरला मारणार. तो उठलाही. चालत आला, पण मुरलीधरकडं नाही — वृषालीसमोर उभा राहिला.  मग म्हणाला —

"आई रोज घरी येऊन सांगायची. म्हणायची, खेमनराची पोर गुणाची आहे. एवढी शिकली, नोकरी करते, पण गाडीवरून जाताना मला हाक मारल्याशिवाय पुढं जात नाही. भारा उतरवताना आधी हेच सांगायची. तिला वाटायचं, तू तिला हाक मारतेस."

आणि म्हणाला, "हाक आली की सरायची ती बाजूला. त्या दिवशी वाट बघत असेल."

मंडळी, मी कीर्तनकार. बोलणं हा माझा धंदा. पण त्या दिवशी माझं प्रवचन झालं नाही. 

पुढं काय झालं? मुरलीधर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेला, लेकीचा हात धरून. खरं ते लिहून दिलं. खटला चालू आहे, शिक्षा व्हायची ती होईल. डॉक्टरांनी डोळे तपासले. म्हणाले, पडदा कडेनं वाळत आलाय, गेलेलं परत येत नाही. थोडं आधी आला असता तरी डोळे वाचले असते असं नाही — पण गाडी चालवणं सुटलं असतं. एवढंच म्हणाले. गिरणी आता सिंधूताई चालवते. वृषाली नोकरीला जाते. फाट्यावर उतरते आणि चालत घरी येते. तिचेही डोळे तपासले. आज चांगले आहेत. पुढचं कुणी सांगावं? एक स्थळ आलं होतं, तिनं स्वतःच सगळं सांगून टाकलं. ते परत आले नाहीत.

आणि जालिंदर? अंबादास स्वतः त्याच्या सासुरवाडीला गेला. पाया पडला, म्हणाला, चुकलो, परत चल. जालिंदरनं चहा दिला, बसवून घेतलं, विचारपूस केली. पण आला नाही. म्हणाला, "त्या रस्त्यानं आता माझ्यानं जाववणार नाही." टपरीला अजून कुलूप आहे.

अशी गोष्ट. गोड शेवट करून सांगता आला असता, पण झालेलं नाही ते कसं सांगू?

आता माझा प्रश्न परत विचारत नाही. उत्तर तुमच्या तोंडावर दिसतंय. बाबा, तुम्हीही काही बोलू नका आता. फक्त एक करा. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरात एक माणूस आहे, ज्याचं काहीतरी आपल्याला दिसलंय. कुणाचा लेक पितोय. कुणाच्या आईला काल काय झालं ते आज आठवत नाही. कुणाची सून हसते, पण जेवत नाही. दिसलंय ना? आणि आपण म्हणतोय — नको, तिला वाईट वाटेल. उद्या बोलू. सण झाल्यावर बोलू.

अहो, वाईट वाटू द्या! वाटून जाईल! चार दिवस बोलणार नाही तुमच्याशी, न बोलू दे. पण ते माणूस तरी राहील, आणि रस्त्यावरचं दुसरं कुणी तरी राहील. आणि ज्याचं उणं आहे, त्याला मी हात जोडून सांगतो — बाबा, तू ज्यांच्यासाठी झाकतोस ना, त्यांनी ते केव्हाच बघितलंय.

आज मी देवाच्या नावाचा गजर लगेच घेणार नाही. टाळकऱ्यांनो, टाळ खाली ठेवा. पखवाज राहू दे. ज्याच्याशी बोलायचं राहिलंय, त्याचं नाव आधी मनात घ्या. घ्या, मी थांबतो. मग उठा, घरी जा आणि बोला. देवाचं नाव उद्या घेऊ. तो थांबेल. त्याला थांबायची सवय आहे. माणसाला नाही.